‘ला जेते’ : एका आठवणीचा चित्रपट



गेल्या श्रावणात एका शनिवारी, बाहेर पावसाची संततधार लागली असता, शाळेच्या सभागृहात दहावीच्या वर्गाला मी २८ मिनिटांचा एक फ्रेंच चित्रपट दाखविला. चित्रपट सुरू होऊन पुरती दोन मिनिटेही झाली नसतील, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, यंत्र अडकले!’’ सगळा वर्ग हसला. वस्तुतः यंत्र अडकले नव्हते. पडद्यावरचे चित्र हलत नव्हते हे खरे. परंतु ते हलावे अशी ज्याने तो चित्रपट निर्माण केला त्याची इच्छाच नव्हती. हळूहळू हसणे ओसरले, कुजबुज थांबली, आणि शेवटचे चित्र काळोखात विरून गेले तेव्हा सभागृहात पावसाखेरीज दुसरा आवाज नव्हता. मग पुढच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘‘बाई, मग त्या माणसाचे जगणे फुकटच गेले म्हणायचे का?’’

मी उत्तर देऊ लागणार तोच घंटा झाली. खरे सांगावयाचे तर घंटा झाल्याचे मला बरेच वाटले; कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. त्या प्रश्नाचे ऋण तेव्हापासून माझ्या डोक्यावर आहे. वार्षिकांकाच्या निमित्ताने ते यथाशक्ती फेडावे, आणि ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही अशा विद्यार्थ्यांना व पालकांना त्याची ओळखही करून द्यावी, या दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहे.

या चित्रपटाचे नाव ‘ला जेते’. तो १९६२ साली क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने तयार केला. ‘जेते’ म्हणजे बंदराचा धक्का. विमाने पाहण्यासाठी विमानतळावर जो लांबलचक सज्जा बांधलेला असतो, त्यालाही येथे तेच नाव दिले आहे. हाच शब्द फ्रेंच भाषेत जरा निराळ्या रीतीने तोडून ऐकला, तर ‘तेथे मी होतो’ अशा अर्थाच्या शब्दांचा भास होतो, हे अनेक जाणकारांनी दाखवून दिले आहे. आपल्या मराठीतही योगायोगाने ‘धक्का’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एका धक्क्यावर उभे राहून आपण गावाला जाणाऱ्यांना निरोप देतो. दुसरा धक्का मनाला बसतो आणि जन्मभर निघत नाही. या चित्रपटाच्या नायकाच्या बाबतीत हे दोन्ही धक्के एकच आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मार्करचा जन्म १९२१ सालचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. पुढे तो लेखक, प्रवासी, छायाचित्रकार आणि अनुबोधपटांचा कर्ता म्हणून प्रसिद्धी पावला. ‘क्रिस मार्कर’ हे त्याचे खरे नाव नव्हे, घेतलेले नाव. आपली छायाचित्रे प्रसिद्ध होऊ देणे त्याला आवडत नसे, आणि कोणी फारच आग्रह धरला तर तो आपल्याऐवजी मांजराचे चित्र देई, अशी त्याची ख्याती होती. २०१२ साली, आपल्या ९१ व्या वाढदिवशीच, तो पॅरिस येथे मृत्यू पावला.

आता त्या ‘अडकलेल्या यंत्रा’विषयी. चित्रपट म्हणजे मुळात काय, हे या निमित्ताने समजून घेणे उपयुक्त ठरेल. चित्रपटाच्या फीतीवर हलणारे असे काहीच नसते. तिच्यावर असतात ती एकापुढे एक छापलेली स्थिर चित्रे; दर सेकंदाला २४. प्रत्येक चित्र मागच्याहून किंचित निराळे असते. ती वेगाने डोळ्यांपुढून गेली की आपल्याला हालचालीचा भास होतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून असे घडते, असे पूर्वी सांगत असत. आज शास्त्रज्ञ म्हणतात की, ही किमया मुख्यतः मेंदूची आहे. दोन स्थिर चित्रांमधील रिकामी जागा मेंदू स्वतः भरून काढतो आणि त्यांना जोडून एक हालचाल निर्माण करतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे आठवणींविषयी बोलताना ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आपल्या दादासाहेब फाळक्यांना ही किमया उत्तम अवगत होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या मराठी माणसाने १९१२ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षी, कुंडीतील वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे चित्रित करून त्याची वाढ काही क्षणांत दाखविणारी एक छोटी फीत तयार केली होती. स्थिर चित्रांतून फाळक्यांनी गती निर्माण केली, आणि जी वाढ डोळ्यांना दिसत नाही ती दिसू लागली. मार्करने पन्नास वर्षांनी नेमके उलट केले. गतीची सवय झालेल्या प्रेक्षकापुढे त्याने पुन्हा स्थिर चित्रे ठेवली.

२८ मिनिटांच्या चित्रपटात दर सेकंदाला २४ या हिशेबाने ४०,३२० चित्रचौकटी होतात. हा गुणाकार वर्गातील मुलांनी फळ्यावर करून दाखविला. इतक्या चौकटींसाठी मार्करने वापरली ती साध्या कॅमेऱ्याने काढलेली काही शे कृष्णधवल छायाचित्रे. एकेक छायाचित्र फीतीवर पुनःपुन्हा उतरवून ते काही सेकंद पडद्यावर स्थिर ठेवले आहे. कधी एक चित्र झटकन जाऊन दुसरे येते, कधी एक दुसऱ्यात विरघळत जाते, कधी मध्ये निव्वळ काळोख असतो. या चित्रांना एका निवेदकाचा शांत आवाज जोडलेला आहे. विमानांची घरघर, छातीचे ठोके, पक्ष्यांची किलबिल आणि धीरगंभीर समूहगायन यांची त्याला साथ आहे. पात्रे पडद्यावर एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय सांगावयाचे ते निवेदक सांगतो. मार्करने आपल्या कृतीला चित्रपट न म्हणता ‘चित्र-कादंबरी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. चित्रपटकलेचे रूढ नियम बाजूला सारून नवी वाट शोधणाऱ्या अशा कृतींना आपण प्रयोगशील चित्रपट म्हणतो. १९६३ साली या चित्रपटाला फ्रान्समधील मानाचे जाँ व्हिगो पारितोषिक मिळाले.

परंतु प्रयोग केवळ प्रयोगासाठी केला तर त्याची किंमत शोभेच्या दारूइतकीच. स्थिर चित्रेच का, याचे उत्तर कथेत आहे. ती कथा थोडक्यात अशी :

पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर रविवारी आईबापांनी मुलांना विमाने दाखवावयास नेण्याची त्या काळी पद्धत होती. १९६१ साली तेथे नवी भव्य इमारत उघडली होती आणि तिचे सज्जे म्हणजे शहराचे नवे आकर्षण होते. अशाच एका रविवारी एक लहान मुलगा सज्जाच्या टोकाशी एका स्त्रीचा चेहरा पाहतो. वारा तिच्या केसांत खेळत असतो. एवढ्यात काहीतरी घडते. गडबड, किंकाळी, कोसळणारा एक माणूस. आपण एका माणसाचा मृत्यू पाहिला, हे मुलाला पुढे पुष्कळ काळाने कळते. पुढे काही काळाने तिसरे महायुद्ध होते, पॅरिस बेचिराख होते, आणि उरलेली माणसे शायो प्रासादाच्या खालच्या तळघरांत उंदरांसारखी राहू लागतात. कारण वरची हवा किरणोत्सर्गाने विषारी झालेली असते.

या तळघरांत विजेते आहेत आणि कैदी आहेत. विजेत्यांचे शास्त्रज्ञ कैद्यांवर प्रयोग करतात. अन्न, औषध व इंधन मिळविण्यासाठी आता पृथ्वीवर कोठेही वाट उरलेली नाही. एकच वाट शिल्लक आहे आणि ती काळातून जाते. माणसाला भूतकाळात व भविष्यकाळात पाठवून तेथून मदत मागावयाची, असा त्यांचा बेत असतो. पण दुसऱ्या काळात जागे होणे मनाला झेपत नाही. प्रयोगात काही कैदी मरतात, काही वेडे होतात. शेवटी ते एक असा कैदी निवडतात की, ज्याच्या मनात भूतकाळातील एक चित्र फार खोल रुतून बसले आहे. तोच तो विमानतळावरचा मुलगा. आता मोठा झालेला. प्रयोग करणारा मनुष्य राक्षसासारखा दिसत नाही, हे येथे ध्यानात घ्या. तो शांतपणे, समजुतीच्या सुरात बोलतो. क्रौर्य नेहमी दात विचकूनच येते असे नाही. पुष्कळदा ते चष्मा लावून, कागदपत्रे घेऊन, मानवजातीच्या हिताच्या गोष्टी बोलत येते. तळघरातली कुजबुज जर्मन भाषेत ऐकू येते, आणि ज्यांनी जर्मन छावण्यांचा इतिहास वाचला आहे त्यांना तिचा रोख कळल्याशिवाय राहत नाही.

डोळ्यांवर पट्टी, दंडात सुई, आणि प्रयोग सुरू होतो. दहाव्या दिवशी चित्रे उमटू लागतात. शांततेच्या काळातील सकाळ. शांततेच्या काळातील एक खोली. खरी मुले, खरे पक्षी, खरी मांजरे. ज्याने विध्वंस पाहिला त्याला या साध्या वस्तू किती दुर्मीळ वाटत असतील याची कल्पना करा. पुढे त्याला ती स्त्री भेटते. ती त्याला नाव-गाव विचारीत नाही. तो येतो, मध्येच नाहीसा होतो, पुन्हा येतो. ती त्याला आपले भूत म्हणते आणि त्याचे येणे-जाणे सहज स्वीकारते. दोघे बागेत हिंडतात. एका ठिकाणी सिकोया वृक्षाचा आडवा छेद ठेवलेला असतो आणि त्याच्या वलयांवर इतिहासातील सन लिहिलेले असतात. आपण कोठून आलो हे दाखविण्यासाठी तो माणूस खोडाच्या कडेच्याही बाहेर, रिकाम्या हवेत बोट ठेवतो. म्हणजे अजून जे वर्ष उगवलेच नाही तेथे. अल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या १९५८ सालच्या चित्रपटातील अशाच एका प्रसंगाला मार्करने येथे केलेला हा नमस्कार आहे. सुमारे पन्नासाव्या दिवशी ती दोघे पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात भेटतात. जिवंत प्राण्यांच्या नव्हे, पेंढा भरून ठेवलेल्या प्राण्यांच्या. जिराफ, हत्ती, पक्षी, सारे काळाच्या बाहेर उभे, आणि त्यांच्यामधून ही दोन माणसे लहान मुलांसारखी हसत, बोटे दाखवीत फिरतात. माझ्या मते हा चित्रपटाचा सर्वांत आनंदी भाग होय.

भूतकाळाचा प्रयोग साधला, म्हणून आता त्याला भविष्यकाळात धाडतात. तेथील माणसे प्रथम त्याला झिडकारतात. पण मानवजात तगली आहे म्हणूनच तुम्ही आहात, तेव्हा तिच्या तगण्याचे साधन तुम्ही तिला नाकारू शकत नाही, असा बिनतोड मुद्दा तो मांडतो. जगाचे कारखाने पुन्हा चालतील एवढी शक्ती त्याला मिळते. काम झाले. आता तळघरातील लोक आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत हे तो ओळखतो. तेवढ्यात भविष्यकाळातील माणसे त्याच्याशी संपर्क साधतात आणि आमच्यात येऊन राहा असे म्हणतात. सुरक्षित, शांत भविष्य त्याच्यापुढे हात जोडून उभे राहते. तो मात्र दुसरेच मागतो : मला त्या रविवारी, त्या सज्जावर, जेथे कदाचित ती माझी वाट पाहत असेल तेथे परत न्या.

त्याला नेतात. उन्हात न्हालेला सज्जा, लोकांची वर्दळ. येथेच कोठेतरी लहानपणचा मी उभा असणार, असा एक विचार त्याच्या मनाला चाटून जातो. टोकाशी ती दिसते. तो धावू लागतो. आणि तळघरातून आपल्यामागे पाठविलेला मनुष्य त्याला दिसतो, तेव्हा त्याला उमगते की, काळाच्या हातून सुटका नाही. लहानपणी ज्या माणसाचे मरण त्याने पाहिले होते, तो माणूस तो स्वतःच होता.

आता स्थिर चित्रांचे रहस्य तुमच्या ध्यानात आले असेल. आपल्याला बालपण आठवते ते कसे? सलग, हलत्या फीतीसारखे आठवते काय? नाही. एक उंबरा, एक हात, पावसात भिजलेली छत्री, कोणाचा तरी मागे वळलेला चेहरा : अशी सुटी सुटी चित्रे आठवतात, आणि त्यांच्यामध्ये काळोख असतो. मार्करने आठवणीविषयी चित्रपट काढला नाही. आठवण ज्या रीतीने मनात वसते त्या रीतीनेच चित्रपट काढला.

या नियमाला चित्रपटात एकच अपवाद आहे. ती स्त्री पहाटे झोपलेली आहे. तिची निरनिराळी छायाचित्रे एकमेकांत विरघळत जातात. पक्ष्यांची किलबिल वाढत वाढत कर्कश होते. आणि एकाएकी, केवळ काही सेकंद, चित्र खरोखर जिवंत होते. ती डोळे उघडते, आपल्याकडे पाहते, पापण्या लवतात. लगेच तळघराचे स्थिर चित्र परत येते. अख्ख्या चित्रपटात हलणारे असे एवढेच. रोज तासन्‌तास हलती चित्रे पाहणाऱ्या आमच्या दहावीच्या मुलांनी तेथे श्वास रोखून धरला, हे मी स्वतः पाहिले. एका पापणीच्या लवण्यात केवढी किमया आहे, हे कळण्यासाठी वीस मिनिटांचे मौन पाळावे लागले!

चित्रपट ज्या काळात झाला तो काळही विसरून चालणार नाही. हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडले १९४५ साली. १९६२ च्या मार्च महिन्यात फ्रान्सचे अल्जीरियातील दीर्घ युद्ध थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका व सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. त्या मे महिन्यात मार्कर पॅरिसच्या सामान्य नागरिकांच्या मुलाखती घेत ‘ल जोली मे’ हा अनुबोधपट चित्रित करीत होता. सहकाऱ्यांच्या सुटीच्या दिवशी आपण या दुसऱ्या कथेची छायाचित्रे काढीत गेलो, आणि तिचा अर्थ आपल्यालाही जुळवणीच्या वेळीच उलगडला, असे त्याने पुढे सांगितले आहे. साधने थोडी होती, चित्रपट लहान होता. पण त्याचा प्रभाव दूरवर पोचला. १९९५ साली अमेरिकेत टेरी गिलियमने ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा मोठा चित्रपट या २८ मिनिटांच्या कथेवरूनच बेतला.

आता स्मृतीविषयी थोडे. स्मृती म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेले वस्त्र. हवे तेव्हा काढावे, जसेच्या तसे मिळेल, अशी आपली समजूत असते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला सुरुंग लावला. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा वाचावयास दिली आणि काही वेळाने, काही दिवसांनी, ती आठवून लिहावयास सांगितले. वाचकांनी नकळत कथा बदलली. अनोळखी तपशील गळाले. कथेतील डोंग्याची साधी होडी झाली, सीलची शिकार करणारे मासे पकडू लागले. म्हणजे आठवणे ही साठवलेले काढण्याची क्रिया नसून पुन्हा रचण्याची क्रिया आहे. चित्रपटाच्या दोन चौकटींमधील रिकामी जागा मेंदू भरून काढतो असे मी वर म्हटले. दोन आठवणींमधील जागाही तो तशीच भरतो.

आणखी एक गोष्ट. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग निकामी झाल्यामुळे ज्यांना नव्या आठवणी साठविता येत नव्हत्या, अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पुढे घडू शकेल असा प्रसंग कल्पनेने रंगविणेही जड जात होते. समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा म्हटले तर त्यांना तुटक तुकडे सुचत. सबंध देखावा उभा राहत नसे. ज्याला भूतकाळाचे चित्र पाहता येते त्यालाच भविष्यात पाठविता येईल, हा मार्करच्या तळघरातील शास्त्रज्ञांचा तर्क केवळ कविकल्पना नव्हती, असे यावरून दिसते. भूत आणि भविष्य हे आपल्या मनात एकाच अंगणातले शेजारी आहेत.

येथे माझी स्वतःची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. माझे बालपण चोडण बेटावर गेले. घरात कोंकणी, पुस्तकात मराठी, आणि पणजीला जावयाचे तर फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदरच्या धक्क्यावर उतरावयाचे, असा आमचा क्रम. मी पाच वर्षांची असताना माझे वडील नोकरीसाठी आखातात गेले. तो निरोपाचा प्रसंग मला लख्ख आठवतो : पाऊस भुरभुरत आहे, आईने हिरवे लुगडे नेसले आहे, मी तिचा पदर धरून धक्क्यावर उभी आहे, आणि फेरीबोटीच्या कठड्याशी उभे असलेले बाबा हात हलवीत लहान लहान होत चालले आहेत. त्या लुगड्याचा ओला स्पर्शदेखील मी सांगू शकले असते.

काही वर्षांपूर्वी जुन्या पेटीत त्या दिवसाचे एक छायाचित्र सापडले. शेजाऱ्यांनी काढलेले. त्यात लख्ख ऊन आहे. मी काकांच्या कडेवर आहे. शेजारी आत्या आहे, पिवळ्या लुगड्यातली. आई कोठेच नाही. मी ते आईला दाखविले, तेव्हा ती म्हणाली की, त्या दिवशी ती तापाने फणफणून घरीच पडली होती. खिडकीपाशी बसून फेरीबोटीच्या यंत्राचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती ऐकत राहिली, एवढेच तिला आठवते. एकाच सकाळचे तिच्यापाशी उरले ते नाद, माझ्यापाशी उरले ते चित्र, आणि तेही निम्मे खोटे. बाबांना काय दिसले होते, ते विचारावयास आता बाबा नाहीत.

प्रथम मला फसविले गेल्यासारखे वाटले. ज्या ठेव्याला मी तीस वर्षे जपले तो बनावट निघाला! पण हळूहळू उमजले की, पाच वर्षांच्या मुलीला त्या क्षणी आई जवळ हवी होती, म्हणून तिच्या मनाने आईला तेथे आणून उभे केले. तपशील खोटा, ओढ खरी. मार्करचा नायकही शंका घेतो की, तो कोमल चेहरा आपण खरोखर पाहिला की पुढच्या भीषण काळाला आधार म्हणून मनानेच घडविला? चित्रपट त्या शंकेचे निरसन करीत नाही. पण त्या चेहऱ्याने त्याला तळघरात तग धरावयास लावले, यात शंका नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. त्या माणसाचे जगणे फुकट गेले काय?

ज्याअर्थी त्याचा शेवट आधीच ठरलेला होता, त्याअर्थी त्याच्या धडपडीला अर्थ नव्हता, असे वरवर पाहता वाटते. पण शेवट कोणाचा ठरलेला नाही? आपणा सर्वांचाच ठरलेला आहे. फक्त त्याची तारीख आपल्याला ठाऊक नाही एवढेच. शेवट ठरलेला असणे हाच जर व्यर्थपणाचा पुरावा मानला, तर बुद्धापासून तुमच्या-माझ्या आजीपर्यंत सगळ्यांचेच जगणे फुकट ठरेल. तेव्हा अर्थ शेवटात शोधून सापडावयाचा नाही. तो मधल्या दिवसांत शोधावा लागेल.

मधले दिवस कसे होते ते पाहा. मानवजातीला वाचविणारी शक्ती त्याने आणली, हे केवढे थोर कृत्य! पण मार्कर ते चार वाक्यांत उरकतो. तो रेंगाळतो कोठे? बागेतल्या फेरफटक्यात, झाडाच्या खोडापाशी, पेंढा भरलेल्या जिराफापुढे. तेथे काहीच ‘घडत’ नाही. दोन माणसे एकमेकांच्या सहवासात निर्धास्त असतात, एवढेच घडते. दिग्दर्शकाने आपला वेळ कशावर खर्च केला यावरून त्याने कशाला मोल दिले ते कळते. आपल्या आयुष्यालाही हीच कसोटी लागू आहे.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या आठवणीने त्याला तगविले, तिनेच त्याला बांधूनही ठेवले. तिच्यामुळेच तो प्रयोगासाठी निवडला गेला, आणि तिच्या मागे धावतानाच तो मारला गेला. आठवण हा दिवा आहे. तो हातात धरून पुढे चालावे. दिव्याकडेच टक लावून बसले की डोळे दिपतात आणि वाट दिसेनाशी होते. म्हणूनच मला वाटते की, चित्रपटाचे मर्म सज्जावरच्या त्या चित्रात नाही. ते त्या काही सेकंदांच्या हालचालीत आहे. सर्व चित्रे गेलेल्या काळाची आहेत, म्हणून ती गोठलेली आहेत. ती डोळे उघडते तो क्षण मात्र आठवलेला नाही. तो चालू आहे. त्या क्षणी त्या माणसाकडे कोणीतरी जागेपणी, खरोखर पाहिले. एवढे ज्याच्या वाट्याला आले त्याचे जगणे फुकट गेले, असे मी म्हणणार नाही.

हे माझे उत्तर. ते शेवटचे आहे असा माझा दावा नाही. तुम्ही मोठे झालात की कदाचित मला याहून चांगले उत्तर सांगाल.

जाता जाता एक छोटा स्वाध्याय देते. शिक्षकाची खोड जात नाही. तुमच्या खिशातल्या दूरध्वनीत आज हजारो छायाचित्रे मावतात. ती क्षणभर बाजूला ठेवा. लहानपणीचा एकच प्रसंग आठवा आणि तो कागदावर जसा आठवतो तसा लिहा. मग त्या प्रसंगी हजर असलेल्या घरातल्या वडील माणसाला, आजीला, काकांना, आईला, तोच प्रसंग सांगावयास लावा आणि तो शेजारी लिहून ठेवा. दोन्ही जुळणार नाहीत. न जुळले म्हणून भांडू नका. कोणाला काय आठवले, आणि ते का, एवढाच विचार करा. आणि हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका. कागद केव्हाही मिळतो. सांगणारे माणूस मात्र धक्क्यावर कायम उभे राहत नाही.